जिथं पाय बुडतो, तिथं चोच चालते: ठाण्याच्या खाडीतल्या चिखलाचा इतिहास



आजचा एपिसोड चिखलाचा आहे. हो, साध्या चिखलाचा. ना किल्ला, ना लढाई, ना तह. तरीही हा इतिहासाचाच एपिसोड आहे, आणि शेवटी तो माझ्या बिल्डिंगच्या पार्किंगपर्यंत येऊन थांबणार आहे. लोकलमध्ये उभे राहून ऐकत असाल तर उत्तम, कारण गोष्ट लोकलच्या खिडकीतूनच सुरू होते.

मी राहतो डोंबिवलीला, नोकरी ऐरोलीला. रोज डोंबिवली ते ठाणे, मग फलाट बदलून ट्रान्स-हार्बरची गाडी. ठाणे सोडलं की गाडी खाडी ओलांडते. एरवी त्या दोन मिनिटांत मी मोबाईलमध्ये डोकं घालून असतो. एका जानेवारीत मात्र गाडी तिथेच सिग्नलला अडकली, नेटवर्कही गेलं, आणि नाइलाजाने मी बाहेर बघितलं.

ओहोटी होती. पाणी मागे सरलेलं आणि राखाडी चिखलाचा लांबलचक पट्टा उघडा पडलेला. त्यावर दोन-अडीचशे बारकी पाखरं. शिवणयंत्राची सुई चालावी तशी त्यांची चोच खाली-वर, खाली-वर चाललेली. पण त्यांच्या बाजूलाच, तितकाच मोठा, त्याच रंगाचा चिखल होता आणि तिथे एकही पक्षी नव्हता. जणू मध्ये कुणीतरी खडूने रेघ मारली होती.

शेजारच्या माणसाला मी सहज विचारलं. तो म्हणाला, "तिकडं खायला नसेल." मलाही पटलं. गाडी सुटली.

पण ते उत्तर पूर्ण बरोबर नव्हतं, हे नंतर वाचताना कळलं. खायला असणं वेगळं आणि खाता येणं वेगळं. चिखलाच्या पोटात किडे ठासून भरलेले असतील, पण चिखल कडक असेल तर पक्षी उपाशीच. आपल्याकडे डेटा सर्व्हरवर असतो पण ॲक्सेस नसतो, तसंच काहीसं. आणि हा ॲक्सेस ठरवते जमीन. ती किती मऊ, किती ओली, किती उतरती, यावर सगळं अवलंबून. आजची गोष्ट एवढीच आहे: ठाणे-कल्याणच्या माणसांनी दोन हजार वर्षांत या जमिनीचं काय काय केलं, आणि त्या प्रत्येक वेळी पक्ष्यांच्या ताटाचं काय झालं.

आधी चोच समजून घेऊ

चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचे ढोबळ दोन प्रकार करता येतात. एक, डोळ्यांनी शोधणारे. आपल्याकडे ज्यांना चिखल्या म्हणतात ते या गटातले. आखूड चोच, मोठे डोळे. चार पावलं पळायचं, थबकायचं, बघायचं, टिपायचं. वर आलेला किडा दिसला तरच जेवण.

दुसरे, चाचपून शोधणारे. तुतवार, टिलवे आणि आपली लांब बाकदार चोचीची कुरल. यांची चोच म्हणजे नुसता चिमटा नाही, ते बोट आहे. चोचीच्या टोकाशी हाडात बारीक बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब-कंप ओळखणाऱ्या पेशी. चिखलात काय हललं ते न बघता समजतं. शिवाय यांतल्या अनेकांना अख्खी चोच न उघडता फक्त वरच्या चोचीचं टोक उचलता येतं. बोटभर खोल चिखलात पूर्ण तोंड उघडायला जागा कुठे असणार? म्हणून ही सोय.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ साली नॉट नावाच्या किनारपक्ष्यावर एक सुंदर गोष्ट दाखवली. हा पक्षी ओल्या वाळूत चोच पटपट खुपसतो. त्यामुळे वाळूच्या कणांमधलं पाणी ढकललं जातं. आत शिंपल्यासारखी कठीण वस्तू असेल तर त्या पाण्याचा दाब वेगळा लागतो, आणि शिंपला जराही हलला नाही तरी पक्ष्याला तो 'दिसतो'. सगळा खेळ कणांमधल्या पाण्यावर. ते पाणी गेलं की हा रडार बंद.

दुसरा प्रयोग कॅलिफोर्नियातला, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा. एका संशोधिकेने खाडीच्या चिखलावर वाळूचा पातळ थर पसरला. बाकी काहीच बदललं नाही. तरी चाचपून खाणाऱ्या पक्ष्यांचं तिथलं खाणं कमी झालं. भातात बारीक खडे निघाले तर आपण कसे जेवू? प्रत्येक घासाला थांबून. तसंच.

म्हणजे बघा, जमिनीत थोडासा फरक, आपल्या डोळ्यांना न दिसणारा, आणि जेवण बदललं. त्या दिवशी मला दिसलेली खडूची रेघ बहुधा अशीच होती. रिकाम्या बाजूचा चिखल कदाचित जरा उंच होता, आधी उघडा पडला होता, वरून सुकत चालला होता. चिखल सुकतो तसे किडे खाली सरकतात आणि वरचा थर घट्ट होतो. म्हणून हे पक्षी पाण्याच्या कडेकडेने सरकत राहतात, जिथे चिखल नुकताच उघडा पडलाय तिथे.

उलटंही होतं. चिखल फारच पातळ असला तर लहान पक्ष्याला उभंच राहता येत नाही. म्हणजे हवा मधला. पाय टेकेल इतका घट्ट, चोच जाईल इतका मऊ.

आणि चोचीची लांबी म्हणजे बिल्डिंगचे मजले. लहान टिलव्याची चोच दोनेक सेंटिमीटर, तो वरच्या थरात जेवतो. लाल पायांच्या टिलव्याची चारेक सेंटिमीटर, तो त्याखाली. कुरलीची बारा-पंधरा सेंटिमीटर, ती थेट तळघरातून जाड किडे आणि खेकडे ओढून काढते. एकाच चिखलावर तिघे जेवतात आणि तरी भांडण कमी.

यात भर घड्याळाची. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. उधाणाच्या दिवसांत पाणी खूप मागे जातं, भांगाच्या दिवसांत थोडंच. म्हणजे जेवणाची सुट्टी ठरलेली, ताट पाण्याखाली जायची वेळही ठरलेली. त्यात चिखल कडक निघाला तर डबा काढून खाऊ, अशी सोय नाही.

"मग काय झालं, एक दिवस उपास" असं वाटेल. पण यांतले कित्येक पक्षी सायबेरियाच्या उत्तर टोकाहून आलेले असतात. लहान टिलवा तीसेक ग्रॅमचा, म्हणजे हातात धरला तर जाणवणारही नाही. परत जायच्या आधी त्याला अंगावर भरपूर चरबी चढवावी लागते. तेच इंधन. याच कुळातल्या एका गॉडविट पक्ष्याने २०२२ साली अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, कुठेही न उतरता कापलं. असा प्रवास निघण्याआधी पोट किती भरलंय त्यावर ठरतो. पंप बंद तर गाडी बंद.

ज्या गाळाने बंदर बुडवलं

आता इतिहासात जाऊ. कल्याण म्हटलं की आज जंक्शन आठवतं. पण सातवाहनांच्या काळात कल्याण हे समुद्रापलीकडे माहीत असलेलं बंदर होतं. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेतल्या खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये त्याचं नाव 'कल्लिएना' असं येतं. आपल्या कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणारे कल्याणचे व्यापारी भेटतात. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा प्रवासीही कल्याणचं नाव घेतो. पुढे १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठा आरमाराची सुरुवात याच खाडीत झाली. दुर्गाडी किल्ला त्याच पाण्याच्या काठी उभा आहे.

आज दुर्गाडीवर उभं राहून खाली बघा. इथे समुद्रावरची जहाजं येत होती, हे सांगूनही पटत नाही. झालं काय?

कारणं अनेक. सत्ता बदलल्या, व्यापाराचे रस्ते बदलले, पुढे मुंबई वाढली. पण एक कारण हळू चालणारं आणि न थांबणारं होतं: गाळ. उल्हास नदी लोणावळ्याच्या डोंगरातून निघते, कर्जत-बदलापूर करत कल्याणला येते. पावसाळ्यात तिच्याबरोबर सह्याद्रीची माती येते. खालून भरतीचं खारं पाणी वर येतं. दोन पाणी भेटतात, वेग मंदावतो आणि माती तळाला बसते. दर वर्षी थोडी. शेजारचं सोपारा आठवा. ते अशोकाच्या काळापासूनचं बंदर, आणि आज ते रेल्वे स्टेशनच्या नावाचा अर्धा भाग आहे.

ठाण्याजवळ उल्हासचा मुख्य प्रवाह वळून वसईकडे जातो. ठाण्याची खाडी मात्र दक्षिणेला मुंबई बंदराकडे उघडते. ती साधारण २६ किलोमीटर लांब, खाली रुंद आणि वर ठाण्यापाशी चिंचोळी. उल्हासशी तिची जोडणी अगदी अरुंद. म्हणजे एका बाजूने मोठा दरवाजा, दुसऱ्या बाजूने नुसती फट. अशा खोलीत आलेली धूळ बाहेर जात नाही, तसा या खाडीत आलेला गाळ सहज धुऊन निघत नाही. तो पसरतो, आणि सपाट पसरतो.

आणि आता उलट्या बाजूने विचार करा. गलबतवाल्याला हवं खोल पाणी. त्याच्यासाठी गाळ म्हणजे धंद्याचं मरण. टिलव्याला हवा उथळ, ओला, अलगद उतरता चिखल. त्याच्यासाठी गाळ म्हणजे वाढलेलं ताट. उतार जितका सपाट, तितका ओहोटीला उघडा पडणारा पट्टा रुंद. इतिहासाच्या पुस्तकात आपण "बंदर गाळाने भरलं आणि महत्त्व संपलं" असं वाचतो आणि पान उलटतो. संपलं ते आपल्यासाठी.

खार, मीठ आणि बांध

पुढची माणसं आली शेतकरी आणि मिठागरवाली. आपल्या भागातली नावं नुसती म्हणून बघा: खारेगाव, खारबाव, खारघर, मुंबईतलं खार. सगळीकडे खार. खार म्हणजे भरतीच्या पाण्यातून बांध घालून सोडवलेली जमीन. आत पावसाचं गोडं पाणी साठवायचं, मीठ धुऊन काढायचं आणि भात घ्यायचा. कोकणातला हा कष्टाचा, पिढ्यांचा धंदा. सरकारनेही १९४८ साली आणि पुन्हा १९७९ साली खार जमिनींसाठी स्वतंत्र कायदे केले.

पण बांध घातला की जमिनीचा स्वभावच बदलतो. रोज दोनदा भिजणारा चिखल थांबतो. उन्हाळ्यात तीच जमीन तडकते, भेगा पडतात. कुरलीची चोच तिथे काय करणार? पावसात भाताच्या खाचरात मात्र पाणी साठतं, आणि बगळे, ढोकरी, पाणलावे तिथे चरतात. म्हणजे बांधाने पक्षी संपवले नाहीत, पाहुणे बदलले.

मिठागरांची गंमत आणखी वेगळी. भांडुप, कांजूरमार्ग, मुलुंडची मिठागरं लोकलमधून दिसतात. मिठाचे वाफे पायांनी तुडवून घट्ट केलेले असतात, म्हणजे चोच खुपसायला फारसे कामाचे नाहीत. पण उथळ पाण्याच्या तळ्यांत लांब लाल पायांचा शेकाट्या आरामात उभा राहतो. आणि महत्त्वाचं म्हणजे, भरतीला सगळा चिखल बुडतो तेव्हा हजारो पक्ष्यांना पाय टेकायला कोरडी, मोकळी जागा लागते. ती त्यांना इथे मिळते. खाडी म्हणजे स्वयंपाकघर आणि मिठागर म्हणजे ओसरी. ओसरी काढून घेतली तर स्वयंपाकघर असूनही घर मोडतं, कारण दर भरतीला लांब उडून जाण्यात खाल्लेलं निम्मं खर्च होणार.

रूळ, रेती आणि सांडपाणी

१६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, हे शाळेत पाठ केलंय. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, खाडी ओलांडून रूळ कल्याणला पोचले. जो माल होडीने जायचा तो डब्यात चढला. खाडीकडे लोकांची पाठ फिरली ती तेव्हापासून. घराचं तोंड स्टेशनकडे, मागची बाजू खाडीकडे. आणि मागच्या बाजूला आपण काय टाकतो ते माहीतच आहे.

शहर वाढायला लागली रेती. मुंब्रा, कळवा, कल्याण, आमच्या डोंबिवलीचं मोठागाव, सगळीकडे 'रेतीबंदर' नावाची जागा आहे, ती उगाच नाही. खाडीच्या तळातून रेती काढून होड्यांनी इथे उतरवली जायची. आता परत चोचीकडे या. तळ खोल खणला की काठ उभे होतात. उभा काठ म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा पट्टा अरुंद. ताट तेवढंच लहान.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. डोंबिवली, अंबरनाथ, ठाणे-बेलापूर पट्टा, सगळीकडे कारखाने आले. नोकऱ्या आल्या, आमच्यासारखी कुटुंबं आली, आणि सांडपाणी खाडीत गेलं. सांडपाण्याने चिखल आतून बदलतो. त्यातला प्राणवायू कमी होतो, वरचा पातळ थर सोडला तर खाली काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा चिखल उरतो. अशा ठिकाणी मोठे, खोल राहणारे जीव टिकत नाहीत. बारीक, चिवट किडे मात्र प्रचंड वाढतात. म्हणजे मेनूकार्डच बदललं. वरच्या मजल्यावर गर्दी, तळघर रिकामं. टिलव्याला चालेल, कुरलीचं अवघड.

गुलाबी पाहुणे

आणि मग १९९०च्या दशकात शिवडीच्या चिखलावर फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसू लागले. आपले रोहित पक्षी. बीएनएचएसच्या नोंदींप्रमाणे काही हंगामांत ठाणे खाडीतला आकडा लाखाच्या पुढे गेला आहे.

फ्लेमिंगो चोच खुपसत नाही. तो डोकं उलटं करून चोच पाण्यात-चिखलात फिरवतो, जीभ पंपासारखी चालवून पाणी आत ओढतो आणि बाहेर सोडतो, आणि चोचीच्या कडेच्या गाळणीत शेवाळ अडकतं. धाकटा रोहित जगतो मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर. त्याला लागतो चिखलाचा सगळ्यात वरचा, पातळ, शेवाळलेला थर. पिठल्यासारखा. सांडपाण्यातल्या खतामुळे हे शेवाळ वाढलं आणि म्हणून ते इथे स्थिरावले, असं अनेक अभ्यासक मानतात.

आता यावरून "बघा, प्रदूषणाने फायदा झाला" असं म्हणणारे भेटतात. थांबा जरा. ज्या ताटात शेवाळ वाढतं त्याच ताटात कारखान्यातलं काय काय येतं, तेही पोटात जातं. शिवाय एका पाहुण्याला आवडलेली भाजी म्हणजे अख्ख्या पंगतीचं जेवण नव्हे. गुलाबी रंग लांबून दिसतो, फोटो छान येतो. राखाडी टिलवा कुणाच्या स्टेटसला जात नाही.

तरी फ्लेमिंगोंनी एक काम केलं. त्यांच्यामुळे लोकांनी खाडीकडे तोंड फिरवलं. ६ ऑगस्ट २०१५ ला ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला सुमारे १६९० हेक्टरचा भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ साली ठाणे खाडी रामसर स्थळांच्या यादीत गेली. ज्या चिखलाला आपण नाक मुरडत होतो, त्याला जगाने महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता दिली.

तिवरांचा पेच

आता एक अवघड गोष्ट. आपण सगळे तिवरांच्या बाजूचे. मीही. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली, २०१२ साली वनविभागाचा कांदळवन कक्ष आला. उत्तम झालं. तिवरं लाटा अडवतात, पूर अडवतात, माशांची पिल्लं वाढवतात.

पण तिवर गाळ पकडतं. त्याची वर आलेली श्वासमुळं चाळणीसारखी माती अडवतात, जमीन चढत जाते, आणि चढलेल्या जमिनीवर पुढची तिवरं रुजतात. ठाणे खाडीत अनेक ठिकाणी काठाची तिवरं अशी आत सरकली आहेत आणि उघडा चिखल आकसला आहे. टिलव्याला तिवरांच्या गर्दीत जेवता येत नाही. त्याला चारी बाजूंनी मोकळं दिसायला हवं, कारण ससाणा कधी झडप घालेल सांगता येत नाही.

याचा अर्थ तिवरं तोडा असा नाही. कुणी असं म्हणालं तर त्याचा डोळा प्लॉटवर आहे हे समजा. अर्थ एवढाच की खाडी वाचवणं म्हणजे नुसती हिरवी झाडं वाचवणं नाही. नकाशावर जो भाग रंगहीन, रिकामा दिसतो, तो उघडा चिखल, तोही मोजायला हवा. आणि जो जास्तीचा गाळ खाडीत येतोय तो कुठून येतोय, हेही विचारायला हवं. उत्तर बऱ्याचदा डोंगर पोखरणाऱ्या यंत्रांपाशी आणि काठावर टाकलेल्या राडारोड्यापाशी जातं.

"जातील की दुसरीकडे"

भरावाचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. पक्ष्यांना पंख आहेत, जातील दुसरीकडे.

दक्षिण कोरियात सेमानगुम नावाच्या खाडीमुखावर तेहतीस किलोमीटर लांबीची समुद्रभिंत बांधली. २००६ साली ती पूर्ण बंद झाली. आत भरतीचं पाणी येणं थांबलं आणि प्रचंड चिखलपट्टे सुकले. मोठा नॉट हा पक्षी स्थलांतरात तिथे हजारोंच्या संख्येने उतरायचा. पक्षी मोजणाऱ्यांनी शेजारच्या खाड्यांत बघितलं. हरवलेल्या पक्ष्यांइतके पक्षी तिथे वाढलेच नव्हते. उलट ते पक्षी हिवाळा जिथे काढतात त्या ऑस्ट्रेलियात त्यांची संख्या घटलेली दिसली. ते दुसरीकडे गेले नव्हते. ते संपले होते.

का? तर 'दुसरीकडे' आधीच कुणीतरी जेवत असतं. आणि 'दुसरीकडे'चा चिखल तसाच मऊ, तसाच ओला, त्याच उताराचा असेलच असं नाही. आपल्याला कुणी म्हटलं, डोंबिवली बंद झाली, ८:१४ची लोकल पुढच्या स्टेशनवर पकडा, तर? पुढच्या स्टेशनवरची गाडी रिकामी असते का कधी?

पार्किंगची लादी

आता शेवटचं, घरचं.

आमची बिल्डिंग डोंबिवली पश्चिमेला, खाडीपासून चालत पंधरा मिनिटांवर. बाबांनी पंचवीस वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला. दर पावसाळ्यानंतर पार्किंगची लादी एका कोपऱ्यात खचते. दर वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोच विषय, तीच भांडणं, तीच भर टाकून डागडुजी. यंदा मीटिंग झाल्यावर मी खाडीकडे फिरायला गेलो. मोठागावच्या बाजूला एक वयस्कर काका जाळं नीट करत बसले होते. जन्म इथलाच. त्यांना म्हटलं, आमची जमीन दर वर्षी का खचते काय कळत नाही.

ते हसले. कुठली बिल्डिंग ते विचारलं. म्हणाले, "तिथं खाजण व्हता. आमी पोरं निवट्या पकराला जायचो." मग समोरच्या चिखलाकडे हात केला. तिथे ओहोटीच्या कडेला आठ-दहा टिलवे चरत होते. म्हणाले, "जिथं आपला पाय बुरतो ना, तिथं त्याची चोच चालते. तुमी त्यावर भिंत बांधली."

बुरतो म्हणजे बुडतो. आगरी बोलीतलं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. मी इतके पेपर वाचले, प्रयोग वाचले, आणि काकांनी सगळं एका ओळीत सांगितलं. पक्ष्याला जी जमीन हवी, ती आपल्याला नको असते. आपल्याला हवी कडक, कोरडी, पाया धरणारी. म्हणून आपण मऊ जमिनीला पडीक म्हणतो, भराव टाकतो आणि मग वीस वर्षं लादी उचलत बसतो. चिखल खाली तसाच आहे. तो विसरलेला नाही.

मी त्या फ्लॅटमध्येच राहणार आहे, दुसरीकडे जाणार कुठे? बिल्डिंग उचलून खाजण परत करता येत नाही. पण पुढचा भराव कुठे पडतोय हे बघता येतं. रात्री खाडीकाठी रिकामा होणारा राडारोड्याचा डंपर दिसला तर फोटो काढून तक्रार करता येते. "रिकामी जागा आहे" असं कुणी म्हटलं तर ओहोटीला येऊन बघा, असं सांगता येतं.

म्हणून आजचा गृहपाठ. नोव्हेंबर ते मार्चमधला एखादा रविवार धरा. मोबाईलवर भरतीची वेळ बघा आणि पाणी उतरायला लागल्यावर दोनेक तासांनी खाडीकाठी जा. ऐरोलीचं किनारी जैवविविधता केंद्र, किंवा भांडुपचा काठ, किंवा डोंबिवली-कल्याणचा आपला जवळचा घाट. काठावरच उभे राहा, चिखलात उतरू नका. नावं ओळखता आली नाहीत तरी चालेल. फक्त बघा, कोण कुठे जेवतंय, आणि कुठला चिखल रिकामा आहे. मग स्वतःला विचारा, का.

मी तो प्रश्न आता रोज सकाळी विचारतो. ठाणे सोडलं की मोबाईल खिशात जातो. दोन मिनिटांचाच पूल आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, काळजी घ्या.